एका महिन्यात दहा हजार, आणि तरी माणसं कमी?

तुम्ही विचारलंत म्हणून. ओल्ड गोव्याला बॉम जीझस चर्चमध्ये सोळाव्या शतकातले मिशनरी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीसमोर उभं राहिलं की हा प्रश्न हमखास येतो: एका माणसानं महिन्याभरात दहा हजारांना बाप्तिस्मा दिला म्हणतात, मग मिशनऱ्यांची 'पीक फार, कामकरी थोडे' ही बायबलमधली ओरड कसली? लोक स्वागत करत असतील तर एक झेवियर पुरे की!

आकडा झेवियर यांच्याच जानेवारी 1545च्या पत्रातला आहे. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या मुक्कुवा कोळ्यांचा. दिवसाला सरासरी तीनशेवर माणसं झाली. गावात गेल्यावर पुरुष आणि मुलगे एकत्र बसवायचे, क्रूसाची खूण शिकवायची, विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची कलमं) आणि दहा आज्ञा त्यांच्या भाषेत म्हणून घ्यायच्या, मग बाप्तिस्मा. प्रत्येकाचं नवं नाव कागदावर लिहून हातात द्यायचं. मग पुरुष घरी जाऊन बायकामुलांना पाठवणार. शेवटी जुन्या देवांची ठिकाणं मोडायला सांगायची (हेही त्यांनीच लिहिलंय, लपवण्यात अर्थ नाही), प्रार्थनांची एक लेखी प्रत गावात ठेवायची आणि पुढचं गाव गाठायचं.

ती प्रत वाचणार कोण? खरी टंचाई तिथे होती.

पूर्वेकडच्या, तमिळ मुलखातल्या मोत्यांच्या किनाऱ्यावर ती आधीच दिसली होती. मोती काढणाऱ्या परवर लोकांचं मुसलमान व्यापाऱ्यांशी वैर पेटलं, पोर्तुगीजांचं संरक्षण मिळावं म्हणून त्यांचे पुढारी कोचीला गेले, आणि 1535 ते 1537च्या दरम्यान सुमारे वीस हजारांचा बाप्तिस्मा झाला. स्वागत होतं, पण ते कशाचं होतं हे उघड आहे. त्यानंतर पाच वर्षं त्यांची भाषा बोलणारा शिकवायला कुणी आला नाही. ऑक्टोबर 1542 मध्ये झेवियर आले आणि 'तुमचा विश्वास काय?' म्हणून विचारलं, तेव्हा 'आम्ही ख्रिस्ती आहोत' यापलीकडे लोकांना सांगता येईना.

झेवियरना तमिळ येत नव्हतं. गोव्याच्या सेमिनरीतले (पाद्री घडवणाऱ्या शाळेतले) तीन तमिळ विद्यार्थी सोबत होते. दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारे गावकरी जमवून त्यांनी प्रार्थनांचं भाषांतर करून घेतलं, ते पाठ केलं आणि हातात घंटा घेऊन गल्लीगल्लीतून पोरं गोळा करायला सुरुवात केली. दिवसातून दोनदा, महिनाभर. पोरांनी घरी जाऊन आईबापांना आणि शेजाऱ्यांना शिकवायचं. रविवारी सगळं गाव जमलं की विश्वासांगीकाराचं एकेक कलम म्हणायचं आणि प्रत्येक कलमाला विचारायचं: विश्वास आहे?

घोळ नेमका याच शब्दात झाला होता. 'मी विश्वास ठेवतो' याच्या जागी भाषांतरात 'वेणुम' बसला होता. तमिळमध्ये त्याचा अर्थ 'हवंय'. गावंच्या गावं देवबाप 'हवाय' म्हणत होती. चूक कळल्यावर 1544 मध्ये झेवियरनी सहकाऱ्याला पत्रानं दुरुस्ती कळवली. पाठांतरातली चूक पुसणं किती अवघड, हे शाळामास्तरांना सांगायला नको. वीस जणांत ती एका दुपारी निघेल; वीस हजारांत निघायची तर गावोगावी बसलेला माणूस लागतो.

जानेवारी 1544चं कोचीहून लिहिलेलं त्यांचं पत्र हजारदा उद्धृत होतं: बाप्तिस्मा देऊन हात दुखतात, करणारं कुणी नाही म्हणून पुष्कळ जण ख्रिस्ती व्हायचे राहतात, पॅरिसच्या विद्यापीठात जाऊन वेड्यासारखं ओरडावंसं वाटतं. ते वाचून युरोपात उत्साह उसळला. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात उपयोगी काम दुसरंच होतं. पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांसाठी म्हणून नेमलेल्या उत्पन्नातून त्यांनी वर्षाला 4,000 फनम (तिथली नाणी) मिळवले आणि त्यातून गावोगावी कणक्कपिळ्ळै नेमले. म्हणजे पगारी स्थानिक धर्मशिक्षक. रोज मुलांना जमवणं, शनिवारी बायकांची आणि रविवारी पुरुषांची प्रार्थना घेणं, मरणाला टेकलेल्या अर्भकाला बाप्तिस्मा देणं, गावात कुणाचं काय बिघडलंय ते पाद्रीला कळवणं हे त्याचं काम. दूरवरून आलेला पाद्री वर्षातून एकदोनदा दिसतो, कणक्कपिळ्ळै रोज.

झेवियर 1545 मध्ये मलाक्काकडे गेले. किनाऱ्यावर 1547 पासून 1600 पर्यंत, मरेपर्यंत राहिले ते पोर्तुगीज पाद्री हेन्रिक हेन्रिकेस. त्यांचं नाव गोव्यातही फारसं कुणी घेत नाही. तमिळ क्रियापदं कशी चालतात ते त्यांनी नीट बसवून लिहिलं, जुन्या भाषांतरांतल्या चुका काढल्या, आणि 20 ऑक्टोबर 1578ला कोल्लमला तमिळ लिपीत सोळा पानांचं 'तंबिरान वणक्कम' हे ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक छापून घेतलं. पहिल्या बाप्तिस्म्यांपासून चाळीसेक वर्षांनी.

आपल्या बाजूला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांचं असंच. 1579ला गोव्यात उतरले, येशूची कथा मराठी ओव्यांत सांगणारं त्यांचं 'क्रिस्तपुराण' गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं 1616 मध्ये. मधली सदतीस वर्षं गोव्यातल्या सासष्टीत भाषा मुरवण्यात गेली, तेव्हा कुठे सुमारे अकरा हजार ओव्या उतरल्या.

म्हणून आज कुणी 'अमुक तालुक्यात लोक तयार आहेत, मिशनरी पाठवा' म्हटलं की 'किती' हा प्रश्न मी शेवटी ठेवतो. आधी विचारतो: लोक कशासाठी तयार आहेत? औषध, शाळा, संरक्षण, की खरंच शुभवर्तमान? घरात बोलतात त्या बोलीत प्रार्थना कुणी तपासल्यात, आणि तपासणारा त्या गावचा आहे का? रोज संध्याकाळी मुलं कोण बसवणार, आणि त्याचा पगार तिसऱ्या वर्षी कुठून येणार? याची उत्तरं असतील तर एक बाहेरचा आणि दहा गावचे एवढ्यावर सुरुवात होते. नसतील तर शंभर पाठवले तरी पाच वर्षांनी तिथे 'आम्ही ख्रिस्ती आहोत' एवढंच ऐकू येईल.