लाल शंकरपाळं

2009 साली, मी चौदा वर्षांची असताना, आम्ही डोंबिवलीहून न्यूयॉर्कला राहायला गेलो. घर क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला, शाळा मॅनहॅटनमध्ये. डोंबिवलीत मी लोकलमध्ये कधी एकटी चढले नव्हते. इथे पहिला आठवडा बाबा सोबत आले, आणि सोमवारी दारातच म्हणाले, "आता तू जा."

शाळेतून सबवेचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, पास मिळाला होता. शाळेच्या दिवशी तीन फेऱ्या फुकट, रात्री साडेआठपर्यंत.

सात नंबरची गाडी मॅनहॅटनमध्ये जमिनीखालून धावते. नदीखालून क्वीन्सला आली की वर चढते आणि कोर्ट स्क्वेअरला डब्यात एकदम ऊन येतं. तिथून पुढे लोखंडी खांबांवरून, घरांच्या वरच्या खिडक्यांना खेटून. मी मधल्या डब्यात बसायचे, कारण तिथे कंडक्टर असतो. प्रत्येक स्टेशनात तो समोर टांगलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवतो. गाडी नेमक्या जागी थांबल्याची ती खूण. मगच दारं उघडतात. ते बोट दिसलं की मला फार बरं वाटायचं.

डब्यावर सातच्या आकड्याभोवती हिरवा गोल असेल तर लोकल, लाल शंकरपाळं असेल तर एक्स्प्रेस. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी गर्दीत मी ते पाहिलंच नाही. वुडसाइड सुटलं आणि गाडीनं जो वेग घेतला, तो कमीच होईना. आमचं 74वा रस्ता स्टेशन खिडकीतून सरकून गेलं. आमची नेहमीची मिठाईची दुकानं, साड्यांचे पुतळे खाली दिसले आणि गेले. पोटात खड्डा पडला.

फोन नव्हता. तेव्हा शहरातल्या सरकारी शाळांत फोन न्यायला बंदी होती, ती 2015 साली उठली. मुलं शाळेजवळच्या दुकानात रोज एक डॉलर देऊन फोन ठेवायची. आईला ते पटत नसे, म्हणून माझा फोन घरीच.

जंक्शन बुलेव्हार्डला दारं उघडली. मी उतरले, भिंतीवरच्या नकाशावर जांभळ्या रेघेवरून बोट फिरवलं: 90, 82, 74. तीन स्टेशनं मागे. जिना उतरून पलीकडच्या फलाटावर गेले, हिरवा गोल दोनदा पाहिला आणि चढले. घरी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. त्या वीस मिनिटांत मी कुठे आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं, आणि मला मात्र पक्कं माहीत होतं. ती भावना अजून अंगात आहे.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम लाल शंकरपाळं बघून चढले आणि शेवटपर्यंत, फ्लशिंगला गेले. सकाळची एक फेरी, ही दुसरी, परतायला तिसरी. मेन स्ट्रीटवर चिनी पाट्या, फुटपाथवर भाज्यांचे ढीग. एका बेकरीतून गरम बन घेतला आणि अर्धा आईसाठी ठेवला.

"कुठून आणलास?" आईनं विचारलं. मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग बनचा तुकडा मोडत म्हणाली, "तिकडे कोथिंबीर ताजी मिळते का गं?"