आमची वाटचाल : मोठ्या क्रूझवरून छोट्या जहाजांवर

सुरुवातीला आम्हीही बाकीच्या एजंटांसारख्या मोठ्या क्रूझच विकायचो. धंदा म्हणून ते सोपं होतं, कमिशन ठरलेलं, बुकिंग दोन क्लिकमधे, ब्रोशर बघूनच माणूस अर्धा तयार व्हायचा, वॉटर स्लाइड काय, थिएटर काय, बर्फावरचं स्केटिंग काय. लोक परत यायचे ते खूशच असायचे. पण फोनवर जरा निवांत बोलायला लागलं की एक वाक्य हमखास यायचं, "जहाज एक नंबर होतं हो, पण बघितलं काय ते विचारू नका."

हे सारखं ऐकल्यावर मी आणि माझा पार्टनर वेळापत्रकं काढून बसलो. जहाज सकाळी आठला बंदराला लागतं, संध्याकाळी पाचला सुटतं, कागदावर नऊ तास दिसतात. त्यात धक्का नसेल तर टेंडर बोटीनं, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यापर्यंत ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीनं उतरायचं, त्याचं टोकन, त्याची रांग, परत यायची वेळ शेवटच्या टेंडरच्या तासभर आधीची धरायची, शिवाय त्याच दिवशी आणखी दोन जहाजं तिथंच उभी. हातात राहतात तीन-चार तास आणि तेही गर्दीत. यात कंपनीची लबाडी वगैरे काही नाही, आकारच तसा आहे. आयकॉन ऑफ द सीज हे मोठं क्रूझ जहाज २०२४ मधे सुरू झालं, २० डेक, ३६५ मीटर लांब, भरलं की ७,६०० प्रवासी. एवढी माणसं एका बेटावर उतरवायची म्हणजे जत्राच की. म्हणून ही जहाजं बनवतानाच विचार असा असतो की माणसाला खाली उतरायची गरजच वाटू नये, आणि ते त्यांना जमलंय, खोटं कशाला बोला.

आम्हाला मात्र उतरायला आवडणारी गिऱ्हाईकं जास्त भेटत होती. मग हळूहळू छोट्या जहाजांकडे वळलो.

छोटं म्हणजे किती, याची काही सरकारी व्याख्या नाही. कोणी १२ जणांच्या यॉटला छोटं म्हणतं कोणी ३०० वाल्याला. आम्ही आमच्यापुरती वेगळी कसोटी ठेवलीय, सगळे प्रवासी एका सकाळी किनाऱ्यावर जाऊन येऊ शकतात का? हो असेल तर छोटं. हा प्रकार लोकांपर्यंत आणला लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी, १९६६ मधे ते साध्या पर्यटकांना अंटार्क्टिकाला घेऊन गेले आणि १९६९ मधे त्यासाठी खास जहाज बांधून घेतलं. आज एक्सपिडिशन क्रूझ म्हणून जे काही विकलं जातं, म्हणजे रबरी झोडियाक बोटी, सोबत जीवशास्त्र-भूगर्भशास्त्रवाले, संध्याकाळी लाउंजमधे उद्याचं ब्रीफिंग, त्याची घडी तिथूनच बसली.

धंद्याची खरी गोम आम्हाला अंटार्क्टिकाच्या नियमांत कळली. तिथं ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला कोणालाच उतरवता येत नाही, नुसतं लांबून बघायचं. आणि त्याखालच्या जहाजांनाही एका जागी एका वेळी १०० च माणसं जमिनीवर ठेवता येतात. आता हिशोब करा. ९०-१०० जणांचं जहाज असेल तर सगळे एकदम खाली. २०० चं असेल तर निम्मे किनाऱ्यावर, निम्मे झोडियाकमधून हिमनगांच्या कडेनं फिरतायत, मग अदलाबदल, हेही छान चालतं. पण ४५० चं घेतलं तर पाळ्या लागतात, तुमची पाळी येईपर्यंत कधी हवा फिरते, कॅप्टन लँडिंग रद्द करतो आणि तुम्ही बूट घालून बसलेले. दोन्ही जहाजांची जाहिरात मात्र "अंटार्क्टिका, दहा रात्री" अशी सारखीच असते. हा फरक गिऱ्हाईकाला बुकिंगच्या आधी सांगणं हेच आमचं काम, बाकी तिकीट काय कोणीही काढून देईल.

इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवर तर प्रश्नच मिटलाय, तिथं एका जहाजावर १०० च्या वर प्रवासी नाहीतच आणि एका गाइडमागे १६. व्हेनिसनं १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजच्या वरची जहाजं शहरातल्या जुदेक्का कालव्यातून बंद केली. ग्रीसमधला कोरिंथचा कालवा १८९३ चा, सहा किलोमीटरच्या वर लांब आणि रुंदी जेमतेम २५ मीटर, तिथून छोटं जहाज जाताना दोन्ही बाजूचे खडक एवढे जवळ येतात की डेकवर सगळे आपोआप गप्प होतात, मोठ्या जहाजानं तो नाद सोडून अख्ख्या पेलोपोनीज द्वीपकल्पाला वळसा घालायचा. अशा जागा दाखवल्या की छोट्या जहाजाची बाजू वेगळी मांडावी लागत नाही.

उतरणं म्हणजे नेमकं काय हेही आम्ही नीट सांगतो. अंटार्क्टिकाच्या जहाजावर पहिल्या एक-दोन दिवसांतच बायोसिक्युरिटी होते. तुमचं जॅकेट, बॅग, पँट घेऊन बसायचं आणि व्हेल्क्रोच्या पट्टीतलं एक-एक कुसळ चिमट्यानं काढायचं, खिशाच्या शिवणीत व्हॅक्यूमची नळी घालायची, बुटाच्या तळव्यातली माती ब्रशनं. एक गवताचं बी तिकडे पडलं तरी चालत नाही. मग झोडियाकमधे चढताना हात धरायचा तो मनगटाला मनगट, पंजा नाही, कारण ओला हातमोजा सटकतो. बोटीत कडेच्या फुगीर नळीवर बसायचं आणि सरकत सरकत जायचं, मधेच उभं राहायचं नाही. आमच्या एका काकांना गुडघ्यांमुळे याचीच धास्ती होती, त्यांना घरच्या जिन्यावर कठडा न धरता चढउतार करून बघा म्हटलं, जमलं, मग बुकिंग केलं.

आता दुसरी बाजू. छोटं जहाज हलतं. ड्रेक पॅसेजमधे, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या समुद्रात, दोन दिवस जातात आणि समुद्र खवळला तर ते दोन दिवस फार लांब वाटतात, डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असले तरी मोठ्या जहाजाची स्थिरता येत नाही. बऱ्याच छोट्या जहाजांवर लिफ्ट नसते. पुढच्या खालच्या केबिनमधे पहाटे नांगराची साखळी सुटली की झोपेचं खोबरं, मागच्या केबिनला इंजिनची थरथर, म्हणून आम्ही डेक प्लॅन बघितल्याशिवाय केबिन देत नाही. एकट्या माणसाला सिंगल सप्लिमेंट, म्हणजे दोघांची केबिन एकट्यानं घेतल्याचा जादा आकार, बसतो. आणि महाग तर आहेच, कारण कॅप्टन, इंजिन रूम, डॉक्टर यांचा खर्च हजारो लोकांऐवजी शंभरांवर वाटला जातो. सुरक्षेचं पण लोक विचारतात. लिंडब्लाडचं तेच जुनं जहाज, नंतरचं नाव एक्सप्लोरर, २००७ मधे अंटार्क्टिकाजवळ बर्फावर आदळून बुडालं, वरचे सगळे वाचले. हे आम्ही लपवत नाही, उलट जहाजाचा आइस क्लास (बर्फात चालण्याइतकं ते किती मजबूत आहे त्याचा दर्जा) विचारायची सवय त्यामुळेच लोकांना लावतो.

लहान मुलं असतील, व्हीलचेअर असेल, नाहीतर रोज रात्री शो हवा असेल तर सरळ सांगतो, मोठी क्रूझ घ्या, मजा येईल. यात आमची काही बुकिंगं जातात, जाऊ देत. नाराज गिऱ्हाईक दोन महिने फोन करतं ते जास्त महागात पडतं 😄

त्रास झाला तो वेगळ्याच ठिकाणी. एका छोट्या ऑपरेटरनं सीझन तोंडावर आलेला असताना अख्खं जहाज कुठल्याशा ग्रुपला चार्टरवर देऊन टाकलं आणि आमच्या लोकांना पुढच्या वर्षीची तारीख गळ्यात मारायला बघितलं. पैसे मिळाले, पण विमानाची तिकिटं, रजा हे कोण भरून देणार? तेव्हापासून चार्टर झालं तर काय हे लेखी घेतल्याशिवाय आम्ही डिपॉझिट पुढे पाठवत नाही, आणि परत आणण्याच्या खर्चासकट मेडिकल इन्शुरन्स नसेल तर बुकिंगच घेत नाही. २०२० ला तर सगळंच बंद पडलं, त्या काळात रिफंडच्या फायली सांभाळणं एवढाच धंदा होता.

सध्या स्वालबार्डची, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक बेटांची, जहाजांची यादी नव्यानं करतोय. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागात २०० च्या वर प्रवासी असलेल्या जहाजाला जाता येत नाही आणि उतरायच्या जागाही ठरवून दिल्यात, त्यामुळे आधी आम्ही बिनधास्त सुचवायचो त्यातली काही जहाजं बाद झाली, काहींनी कमी प्रवासी घेऊन जायचं ठरवलंय. ती कुठली हे एकेका ऑपरेटरला मेल करून विचारणं चालू आहे, उत्तरं आली तशी यादी पुढे सरकतेय.