ठाण्यातील एका रात्रीचा मुक्काम आणि खाण्याच्या जागांची निवड

शनिवारी रात्री गडकरी रंगायतनला नाटक, जवळच मुक्काम आणि रविवारी संध्याकाळी पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला परत, असा आमचा बेत होता. अशा एका रात्रीच्या मुक्कामात नीट बसून करण्याची जेवणे दोन, फार तर तीन वाट्याला येतात. बाकीची न्याहारी आणि मधल्या वेळचे खाणे. त्यामुळे नावाजलेल्या ठिकाणांची लांबलचक यादी घेऊन निघण्यापेक्षा, कोणत्या वेळी आपण शहराच्या कोणत्या भागात असणार हे आधी ठरवावे आणि त्या वेळेला तिथे जे उत्तम मिळते तेच निवडावे, असे माझे मत या प्रवासात पक्के झाले. आमच्यासमोर आणखी एक अडचण होती. जुलैचा शेवट होता, आषाढी एकादशी होऊन गेली होती आणि आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. मला आणि पत्नीला मासे हवे होते, तर मुलाने मिसळीचा आग्रह धरला होता. घरातील वडीलधारे माणूस बरोबर घेऊन प्रवास करणाऱ्या बहुतेक कुटुंबांची हीच स्थिती असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला निर्णय मुक्कामाच्या जागेचा, कारण खाण्याचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात. ठाणे पश्चिमेला स्थानकाबाहेर पडल्यापासून तलावपाळीपर्यंतचा पट्टा आणि त्याला लागून असलेले गोखले रस्ता, राममारुती रस्ता, नौपाडा व पाचपाखाडी, एवढ्या भागात मराठी माणसाला हवे ते बहुतेक सर्व मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली होती. स्थानक, बाजार आणि तलाव यांच्या आसपासच जुन्या ठाण्याची वर्दळ राहिली आणि खाण्याची जुनी ठिकाणेही याच वाटांवर आहेत. घोडबंदर रस्त्यावर आणि तिथल्या मॉलमध्ये मोठी वातानुकूलित उपाहारगृहे भरपूर आहेत, तिथे राहणाऱ्यांना ती सोयीचीही आहेत. पण ज्याला संध्याकाळी नाटकाच्या तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत बसायचे आहे, त्याने शनिवारी त्या रस्त्याच्या कोंडीत शिरू नये. येऊरच्या डोंगरात पावसाळ्यात जाऊन जेवावे असे अनेकजण सुचवतात, परंतु तो स्वतंत्र दिवसाचा कार्यक्रम आहे. आम्ही नौपाड्यात खोली घेतली आणि दोन्ही दिवस बहुतेक पायीच फिरलो. पावसात आईला चालणे जड जाईल तेव्हा रिक्षा करावी; मात्र इतक्या जवळच्या अंतराला चटकन होकार मिळतोच असे नाही, म्हणून दहा-पंधरा मिनिटे हाताशी ठेवावीत.

पंचवटी सकाळीच ठाण्यात सोडते, त्यामुळे मिसळीसाठी शनिवारची सकाळच योग्य ठरली. सामान खोलीवर टाकून, आईला घरून आणलेल्या दशम्या आणि दही देऊन, मी आणि मुलगा मामलेदार मिसळीला गेलो. तहसीलदार म्हणजेच पूर्वीच्या मामलेदार कचेरीच्या शेजारचे हे उपाहारगृह ठाणेकरांच्या कित्येक पिढ्यांचे आहे आणि त्याचे नावही त्या कचेरीवरूनच पडले आहे. इथे निवांत बसण्याची अपेक्षा ठेवू नये. बाके भरलेली असतात, अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसावे लागते, आणि टेकतो न टेकतो तोच प्रश्न येतो: तिखट, मध्यम की कमी? समोर बसलेले एक गृहस्थ मुलाकडे पाहून म्हणाले, “बाळ, पहिल्यांदा आला असशील तर मध्यम घे, तिखटाची हौस पुढच्या वेळी कर.” हा सल्ला मी पुढे येणाऱ्या प्रत्येकाला देईन. मध्यम मिसळीतही लालभडक तर्री वाटीच्या काठाला येऊन टेकलेली असते, पहिला घास साधा वाटतो आणि तिखटपणा तिसऱ्या-चौथ्या घासाला घशात उतरतो. फरसाण मऊ पडण्याआधी खावी आणि पाव रश्शात बुडवून ठेवू नये. मुख्य म्हणजे ज्या दिवशी दुपारी भारी जेवण ठरलेले आहे त्या दिवशी ही मिसळ खाऊ नये. आम्ही दुपारचे जेवण मुद्दाम उशिरा आणि सौम्य ठेवले होते.

ते जेवण आईच्या पथ्याला सोसेल असेच हवे होते. कांदा-लसूण न खाणाऱ्या माणसासाठी जागा शोधताना ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी पुरेशी नसते. बहुतेक शाकाहारी थाळ्यांतील आमटी, उसळ आणि रस्साभाजी यांच्या वाटणात कांदा-लसूण असतोच, आणि ती सकाळीच शिजवून ठेवलेली असल्यामुळे वाढप्याने कितीही मनावर घेतले तरी त्यातून तो काढता येत नाही. म्हणून प्रश्न नेमका विचारावा: “कांदा-लसणाशिवाय आत्ता ताजे काय करून मिळेल?” ठाण्यात, विशेषतः नौपाडा आणि पाचपाखाडीत, जैन कुटुंबांची वस्ती मोठी असल्यामुळे अनेक उपाहारगृहांत ‘जैन’ पद्धतीचे पदार्थ वेगळे करून मिळतात आणि चातुर्मास पाळणाऱ्यांचे काम त्यावर उत्तम भागते. बटाटा चालत असेल तर तेही सांगावे, नाहीतर जैन म्हटल्यावर बटाटाही वगळला जातो. आम्ही घंटाळीजवळच्या मेतकूटमध्ये गेलो. आईने तिथे मऊ भात, वर मेतकूट, तूप आणि बाजूला लिंबाची फोड एवढेच घेतले आणि तृप्त होऊन जेवली. आम्ही मराठी पद्धतीच्या इतर पदार्थांवर ताव मारला. शनिवारी दुपारी एक ते दोन ही तिथली सर्वांत गर्दीची वेळ असते, नाव लिहून बाहेर थांबावे लागते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर बाराच्या आसपास पोहोचावे किंवा अडीचनंतर जावे, पण त्याहून उशीर करू नये, कारण मराठी जेवणाची बरीच ठिकाणे दुपारी तीन-साडेतीनला स्वयंपाकघर बंद करतात आणि संध्याकाळी सात-साडेसातलाच पुन्हा उघडतात.

नाटकाच्या रात्रीचे जेवण हा या मुक्कामातला सर्वांत अवघड भाग, आणि बाहेरगावहून येणारे लोक नेमका त्याचाच विचार करत नाहीत. प्रयोग साडेआठचा असेल तर तो सुटायला अकरा वाजतात. आधी जेवावे तर खानावळी नुकत्याच उघडत असतात, नंतर जेवावे तर त्या आवरत असतात. यावर आम्ही काढलेला मार्ग असा, की रात्रीचे जेवण म्हणून काही करायचेच नाही. सहाच्या सुमाराला पोटभर खाणे, मध्यंतरात बटाटावडा आणि खोलीवर दूध-फळे. संध्याकाळच्या खाण्याला ठाण्यासारखे शहर नाही, हे मी मनापासून लिहितो. स्थानकाजवळच्या कुंजविहारचा मोठा वडापाव एका माणसाला पुरून उरतो. नौपाड्यातील गजानन वडापावची ओळख मात्र वड्याइतकीच त्याच्या पिवळ्या चटणीची आहे. बेसनाची ही पातळसर चटणी कागदावर वड्याच्या शेजारी ओततात. पाव तीत टेकवून खाल्ला की लसणाच्या कोरड्या चटणीची आठवणही होत नाही. पावसाची सर चालू असताना दुकानाच्या छपराखाली उभे राहून, हातात गरम कागद धरून ते खाण्यात जो आनंद आहे तो कोणत्याही वातानुकूलित दालनात मिळणार नाही. दोन्हीपैकी एकच निवडायचे असेल तर नाटकाला जाणाऱ्याने गजानन निवडावे, कारण मोठा वडापाव खाऊन पहिल्या अंकात डोळे मिटतात. आईसाठी पाचपाखाडीच्या प्रशांत कॉर्नरमधून मिठाई आणि लसूण नसलेला फराळ आधीच आणून ठेवला होता. तिथे संध्याकाळी रांग असते, म्हणून ती खरेदी दुपारच्या जेवणाला जोडूनच उरकावी.

रविवारी सकाळी तलावपाळीला एक फेरी मारून कौपिनेश्वराचे दर्शन घेतले आणि परतताना उडपी पद्धतीच्या उपाहारगृहात न्याहारी केली. तिथे चातुर्मासवाल्यांनी इडली आणि खोबऱ्याची चटणी घ्यावी. सांबारात आणि उपम्यात कांदा असतो.

माशांचे जेवण मी मुद्दाम रविवार दुपारसाठी राखले होते. शनिवारी अनेक घरांत मासे वर्ज्य असतात, तर रविवारी खपाची खात्री असल्यामुळे खानावळींकडे ताजा माल अधिक येतो. परंतु जून-जुलैत येणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे या दिवसांत ताटात येणारी सुरमई आणि पापलेट ही बहुतेक बर्फात साठवलेली असतात. फलकावर त्यांचीच नावे आणि त्यांचेच दर ठळक लिहिलेले असले, तरी या हंगामात त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. ठाण्याला खाडी आहे, स्थानकाला लागून चेंदणी कोळीवाडा आहे, आणि खाडीतली चिंबोरी व कोळंबी पावसाळ्यातही मिळते. त्याशिवाय पावसाळा हा सुक्या मासळीचा काळ असतो: जवळा, सुके बोंबील आणि सोडे. ठाण्यातील सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत सोड्यांची खिचडी आणि वांग्यातले सोडे यांना जो मान आहे तो ताज्या माशालाही क्वचित मिळतो, आणि आगाऊ सांगितल्यास हे पदार्थ करून देणारे घरगुती व्यावसायिक नौपाड्यात आजही आहेत. शनिवारी दुपारी चौकशी करून रविवारसाठी सांगून ठेवणे जमत असेल तर उपाहारगृहापेक्षा मी तेच सुचवेन.

आम्हाला ते जमण्यासारखे नव्हते, म्हणून एका लहान मालवणी खानावळीत गेलो. आत शिरल्यावर थाळीचे नाव न घेता मी विचारले, “आज सकाळी काय आले आहे?” वाढणारा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “काका, सुरमई आहे पण बर्फातली आहे. चिंबोरी सकाळची आहे, जवळा घरचा आहे.” ज्या खानावळीत असे उत्तर मिळते तिथे निःशंक बसावे. ‘सगळेच ताजे आहे’ असे उत्तर जुलै महिन्यात जिथे मिळेल तिथून निघालेले बरे. चिंबोरीचा रस्सा दाट वाटणाचा होता, नांग्या आधीच ठेचून दिलेल्या होत्या आणि आत गर चांगला भरलेला होता. अवसेच्या सुमारास चिंबोऱ्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ, असे कोळी लोक सांगतात. तिथी पाहून निवड करणे शक्य असेल त्याने अवश्य करावी. जवळ्याच्या चटणीला कांद्याचा गोडवा आणि आमसुलाचा आंबटपणा होता, आणि तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. सोलकढी मात्र पेला हातात घेण्याआधी पाहावी: रंग फिकट गुलाबी आणि एकसारखा असेल तर ती नुकती केलेली असते, पाणी आणि नारळाचे दूध वेगळे झालेले दिसले तर ती बराच वेळ झाकून ठेवलेली असते. रविवारी अशा खानावळीत साडेबाराच्या आत बसावे. दीड वाजता दारात गर्दी होते आणि चिंबोरीसारखा मोजका पदार्थ तोवर संपतो. आईला त्या दुपारी नौपाड्यातल्या पोळीभाजी केंद्रातून गरम पोळ्या, वरण आणि कांद्याशिवाय केलेली भेंडीची भाजी आणून दिली. बाहेरगावच्या माणसाला ही केंद्रे फारशी ठाऊक नसतात, पण पथ्य असलेल्या माणसासाठी मला ती कोणत्याही उपाहारगृहापेक्षा अधिक भरवशाची वाटतात, कारण तिथे भाजी कशात फोडणी दिली आहे हे करणारीच बाई समोर उभी राहून सांगते.

ऑनलाइन तारांकनांवर मी फारसा विसंबत नाही. तिथे लोक दिवे, सजावट आणि गाडी लावण्याची सोय यांना गुण देतात, आणि त्या दिवशी आपल्याला हवा असलेला पदार्थ कसा होता हे शोधायला बराच वेळ जातो. त्यांचा खरा उपयोग साप्ताहिक सुट्टी आणि वेळा पाहण्यापुरता करावा, आणि तरीही निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. बिलात सेवा शुल्क लावलेले दिसल्यास ते सक्तीचे नसते, काढून टाकण्यास शांतपणे सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तशा सूचना दिलेल्या आहेत. लहान ठिकाणी हा प्रश्न सहसा येत नाही, तिथे फक्त सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण गर्दीच्या वेळी मोबाइलचे नेटवर्क अडले की मागे रांग खोळंबते.

परतीची पंचवटी संध्याकाळी ठाण्याला येते आणि थोडाच वेळ थांबते. गाडीत खाण्यासाठी पोळीभाजी केंद्रातूनच दुपारी जास्तीच्या पोळ्या आणि सुकी भाजी बांधून घ्यावी, कारण पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाडी रेंगाळली तर नाशिकरोडला उतरेपर्यंत जेवणाची वेळ टळून जाते.