अल्टरनेटर घरीच बदलण्याचा अनुभव

इंजिन चालू असतानाही डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा विझेनासा झाला, तेव्हा गॅरेजने बॉनेटही न उघडता अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग, बदलण्याचा खर्च सांगितला. त्यात मजुरीचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका होता. माझी पेट्रोल हॅचबॅक जुनी असून तिचा अल्टरनेटर इंजिनच्या पुढच्या बाजूला, सहज हात पोहोचेल अशा जागी आहे, म्हणून हे काम घरीच करण्याचे मी ठरवले. ज्या गाड्यांत तो काढण्यासाठी आधी इतर भाग उतरवावे लागतात, त्यांच्या बाबतीत मी असा निर्णय घेतला नसता.

पाना हाती घेण्यापूर्वी दोष खरोखर अल्टरनेटरचाच आहे, याची खात्री करणे मला अधिक महत्त्वाचे वाटले. चांगली चार्ज झालेली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर तिच्या टर्मिनलांवर साधारणपणे 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळायला हवेत. माझ्या मल्टिमीटरवर इंजिन चालू असताना जेमतेम 12 व्होल्ट दिसत होते आणि हेडलाइट लावताच आकडा आणखी घसरत होता. अल्टरनेटरच्या मागील जाड वायरीच्या टर्मिनलवरही तेवढेच व्होल्टेज मिळाले, त्यामुळे बॅटरीपर्यंतची वायर तुटल्याची शंका फिटली. शेजारच्या काकांनी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याचा जुना उपाय सुचवला होता, पण आजच्या गाड्यांत तसे केल्यास व्होल्टेजच्या उसळीने इसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक युनिट, निकामी होऊ शकते, म्हणून तो मी नम्रपणे नाकारला. केवळ कार्बन ब्रश झिजले असते, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ते बदलून घेणे स्वस्त पडले असते. परंतु बेअरिंगचाही घरघर आवाज येत होता, तेव्हा पुण्यातील नाना पेठेतून मी नवा अल्टरनेटर आणि सोबत नवा बेल्टही आणला. पुलीवरील (बेल्टच्या चाकावरील) खाचा, बोल्ट बसवण्याच्या कानांमधील अंतर, कपलरच्या (वायरींच्या जोडणीच्या) पिना आणि लेबलवरील अँपिअर हे सर्व जुन्याशी जुळवून पाहण्यासाठी गाडीवरील भागाचे फोटो बरोबर नेले होते.

सर्वप्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढले. यात हयगय चालत नाही, कारण अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते आणि चावी बंद असली तरी पाना बॉडीला टेकताच ठिणग्या उडतात. त्यानंतर ताण देणारा बोल्ट सैल करून बेल्ट उतरवला, कपलर आणि रबरी टोपीखालचा नट सोडवला. खालचा लांब बोल्ट मात्र गंजून घट्ट बसला होता. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून तो मुरू दिला आणि मग लांब दांड्याच्या पान्याने तो हलला.

खरी कसोटी नवा अल्टरनेटर बसवताना लागली, कारण तो ब्रॅकेटमध्ये शिरेचना. जुन्या अल्टरनेटरकडे नीट पाहिल्यावर उलगडा झाला. मागच्या कानात एक पोलादी बुश, म्हणजे छोटी नळी, असते. बोल्ट आवळताना ते सरकून ब्रॅकेटला घट्ट धरते आणि नव्या भागात ते थोडे जास्त आत आलेले होते. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ते मागे सरकवताच अल्टरनेटर अलगद जागेवर बसला.

बेल्टच्या ताणाकडे मी सर्वाधिक लक्ष दिले. दोन पुलींमधील सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबल्यास आठ-दहा मिलिमीटर दबेल एवढा ताण माझ्या गाडीला योग्य आहे. बेल्ट सैल राहिला तर किंचाळतो, फार ताणला तर नव्या अल्टरनेटरचे बेअरिंग अकाली जाते. उतरलेली बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घेतली, कारण रिकाम्या बॅटरीचा सारा भार पहिल्याच दिवशी नव्या अल्टरनेटरवर टाकणे बरे नव्हे.

इंजिन सुरू होताच लाल दिवा विझला आणि मीटरवर 14.2 व्होल्ट दिसले. हेडलाइट, ब्लोअर आणि एसी एकदम लावूनही आकडा 13.8 च्या खाली गेला नाही. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल होतोच, म्हणून काही दिवस गाडी चालवल्यावर बोल्ट सैल करून ताण पुन्हा एकदा नेमका करून घेतला. जुना अल्टरनेटर दुकानदाराने रिबिल्डसाठी ठेवून घेतला आणि त्याचे थोडे पैसेही परत दिले.