सातारा ते स्पिती, जोंगातून

गुजरातेत हिंमतनगरच्या पुढे, दुपारी दोनच्या सुमारास, गाडी दोन-तीन आचके देऊन बंद पडली. बाहेर जूनचं ऊन, बॉनेटला हात लावता येत नव्हता. मी लगेच सेल्फ मारायला लागलो. शेजारी बसलेले वडील, आमचे अण्णा, म्हणाले, "बॅटरी मारू नकोस. पेट्रोल पंपावर ओला कपडा टाक आणि वीस मिनिटं गप बस." ते हायवेवरच्या पेट्रोल पंपाबद्दल बोलत नव्हते. इंजिनला चिकटलेला छोटा फ्युएल पंप तापला की त्यात पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत, ढकलली जात नाही. मी मडक्यातलं पाणी घेऊन पंचा भिजवला आणि पंपाभोवती गुंडाळला. वीस मिनिटांनी गाडी एका सेल्फला सुरू झाली.

अण्णा सैन्यात ईएमईला, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते. नोकरीतली कितीतरी वर्षं त्यांनी जोंगाखाली पडून काढली आहेत. जोंगा म्हणजे निसानच्या जुन्या पॅट्रोल गाडीवरून जबलपूरच्या वाहन निर्माणीत बनलेली फोर बाय फोर. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरिज असेंब्ली' या नावाची आद्याक्षरं जोडून हे नाव पडलं. 1969 पासून जवळपास तीस वर्षं ती बनत होती. सहा सिलिंडरचं 3,956 सीसीचं पेट्रोल इंजिन, चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक. आमची गाडी लष्करी लिलावातून निघालेली, माझ्याकडे तिसऱ्या हाताने आली. मागची समोरासमोरची बाकडी काढून आम्ही प्लायवूडचा पलंग, खाली सामानाचे खण आणि चाळीस लिटरची पाण्याची टाकी बसवली. ताडपत्रीच्या जागी पत्र्याचं छत केलं. अण्णांना एकदा त्यांच्या गाडीतून हिमालयात न्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. एकोणीस दिवस, जवळपास 5,000 किलोमीटर.

अशी गाडी घेणाऱ्यांनी कागद आधी पाहावेत. लिलावाची कागदपत्रं, नोंदणी, पंधरा वर्षांनंतरचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण, फिटनेस. पुष्कळ जोंगांमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवलेलं असतं. ते आरसीवर चढलेलं नसेल तर व्यवहार करू नका. आणि लष्करी हिरवा रंग ठेवू नका. तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, आपल्याला कायद्याने मनाई आहे. आमची आता मातकट आहे.

रस्ता ठरवताना दिल्ली टाळली. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर एनसीआरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, निर्बंध आहेत, न्यायालयाचे आदेश मधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी ताजा आदेश पाहाच. एनसीआर नुसत्या दिल्लीपुरतं नाही. हरियाणातले रोहतक, पानिपत, कर्नाल, जिंद हे जिल्हे आणि राजस्थानातलं अलवरसुद्धा त्यात येतं. म्हणून आम्ही अहमदाबाद, उदयपूर, अजमेर, सीकर, हिसार असे गेलो आणि तिथून टोहाना, पातडां, पतियाळा करत चंदीगडला पोचलो. साठच्या वर गाडी पळवली नाही. पहाटे चारला निघायचं, अकराला थांबायचं, पुन्हा पाचनंतर तीन तास. हिंमतनगरच्या अनुभवानंतर हा नियम एकदाही मोडला नाही.

हिमाचलातल्या स्पितीला शिमल्याकडून चढावं, मनालीकडून नाही. रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो अशी उंची हळूहळू वाढते आणि शरीराला सवय होते. अण्णा अडुसष्ट वर्षांचे आहेत. नाकोला दोन मुक्काम केले, त्यांना त्रास झाला नाही. ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, 996 सालचा. बाहेरून साध्या मातीच्या भिंती, आत अंधारात बॅटरीच्या उजेडात दिसणारी चित्रं. तिथे अण्णा तासभर भिंतीला टेकून बसून होते. मी त्यांना काही विचारलं नाही.

काझ्याजवळ गाडी काळा धूर सोडायला लागली, चढाला दम खायला लागली. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. कार्बोरेटर पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच देतो. अण्णांनी साताऱ्याहूनच एक नंबर लहान जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी, फडक्यात बांधून आणली होती. काझ्याच्या पेट्रोल पंपाजवळच्या कट्ट्यावर बसून, चष्मा कपाळावर ढकलून, त्यांनी जुनी जेट काढली आणि ती हरवू नये म्हणून ओठांत धरली. अर्ध्या तासात धूर गेला. कार्बोरेटरवाल्यांनी ही एक वस्तू विसरू नये, किंमत फार नाही. खाली उतरल्यावर मूळ जेट परत बसवायचीच, नाहीतर इंजिन तापतं.

पेट्रोलचा हिशेब नीट करा. आम्हाला लिटरला सरासरी पाच किलोमीटर मिळाले, चढावर त्याहून कमी. पिओच्या खालचा पंप सोडला की भरवशाचा पंप थेट काझ्याला, आणि काझा सोडलं की मनालीच. दोन्ही टप्पे दोन-दोनशे किलोमीटरचे. टाकी भरून वर वीस लिटरचे दोन लोखंडी जेरीकॅन ठेवले, प्लास्टिकचे नकोत. एकूण पेट्रोल लाखभर रुपयांचं झालं. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी नोंदणीकृत डिझेल जोंगा शोधावी.

खरी परीक्षा लोसर या गावानंतर. कुंझुम खिंड साधारण 4,550 मीटरवर, पलीकडे बातल आणि तिथून ग्राम्फूपर्यंत धोंड्यांचा रस्ता. नाले सकाळी कमी असतात, ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं. म्हणून पहाटे पाचला लोसर सोडलं. छोटा दर्राजवळच्या नाल्याशी अण्णांनी गाडी थांबवायला लावली. स्वतः काठी घेऊन पाण्यात गेले, खोली पाहिली, परत आले. पंख्याचा पट्टा सैल केला, कारण फिरता पंखा पाणी डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागावर, उडवतो. डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिक पिशवी घालून ती सायकलच्या ट्यूबने बांधली. "फोर बाय फोर लो, पहिला गिअर. मध्ये क्लचला पाय लावायचा नाही," एवढंच बोलले. पाणी चाकाच्या हबच्या वर आलं, एका दगडावर पुढचं चाक चढून धाडकन उतरलं, आणि आम्ही पलीकडे. पलीकडे गेल्यावर लगेच पट्टा ताणला आणि ओले ब्रेक हलके दाबत शंभर मीटर गाडी चालवली.

रोज संध्याकाळी पाट्यांचे यू बोल्ट तपासा. आमचे दोन दिवसाआड सैल व्हायचे. सुटे भाग म्हणून पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फ्युएल पंपाचा डायफ्राम, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज आणि ब्रेकचे रबर किट नेले होते. त्यातला कंडेन्सर आणि एक होज लागला. उतारावर ब्रेकवर विसंबू नका, ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा.

पुन्हा गेलो तर सप्टेंबरात जाईन. नाले उतरलेले असतात आणि गुजरात एवढा तापत नाही.

अटल बोगद्यातून नऊ किलोमीटर गुळगुळीत रस्त्यावर आलो तेव्हा अण्णा म्हणाले, "आता दे माझ्याकडे." मनालीपर्यंत त्यांनीच चालवली.