शालू नेसून मांडी घालताना

आज बस्ता झाला. सकाळी साडेदहाला आम्ही सांगलीच्या कापड पेठेत पोहोचलो, तेव्हा कराडहून आलेली नवऱ्याकडची मंडळी गादीवर बसून चहा घेत होती. त्यांची नऊ आणि आमची सात, अशी सोळा माणसे मिळून माझा शालू ठरवणार होती. मानपानाच्या साड्या कोणाला कोणत्या भावाच्या घ्यायच्या, हे आईने आणि होणाऱ्या सासूबाईंनी आधीच वहीत लिहून ठेवल्यामुळे ते काम तासाभरात उरकले. पुरुषांच्या कापडाला तर वीस मिनिटेही लागली नाहीत.

शालूसाठी जिना चढावा लागला. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेठेत शिरले, तेव्हापासून या दुकानाने भारी माल वरच्या मजल्यावर हलवला आहे. आजी गुडघ्यावर हात टेकत, प्रत्येक पायरीवर थांबत वर आली.

नुसता पदर खांद्यावर टाकून काही कळत नाही, म्हणून दुकानातल्या दादांनी माझ्या सलवार-कमीजवरच कमरेला नाडी बांधली आणि दोन मिनिटांत निऱ्या घालून मरून रंगाचा बनारसी शालू नेसवला. आरशावरच्या दिव्यांत त्याची जर अशी काही चमकली की सोळांपैकी पंधरा माना एकदम डोलल्या. माझीही डोलली असती, पण पदराच्या ओझ्याने खांदा खाली ओढला जात होता.

जन्मभर नऊवारी इरकल नेसत आलेली आजी तेवढी गप्प होती. मग म्हणाली, “खाली बस बघू, मांडी घालून.”

मी बसले. निऱ्या पोटाशी फुगून पत्र्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या आणि काठ गुडघ्याला रुतू लागला. आमच्याकडे गौरीहरापाशी मामाने आणलेली पिवळी साडी असते आणि अक्षता पडल्यावर शालू नेसून होमाला बसायचे असते, म्हणजे सप्तपदीची सात पावले सोडली तर बहुतेक वेळ पाटावरच जायचा. आम्ही मात्र सकाळपासून प्रत्येक साडी उभ्यानेच पाहत होतो. “होम होईस्तोवर बसशील का अशी?” या आजीच्या प्रश्नावर पंधराही जणांकडे उत्तर नव्हते. सासूबाईंनी स्वतःच तो शालू बाजूला सारला, याचे मला फार बरे वाटले.

मग पैठण्या निघाल्या. पहिल्या पैठणीचा मोर सगळ्यांना आवडला, परंतु आजीने पदर उलटा केला, तेव्हा मोराच्या पाठीमागे कापलेल्या धाग्यांची दाट कुसे दिसली. हातमागावरच्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेतूनच मागे वळतो, त्यामुळे पदराची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. यंत्रमागावर तेच धागे मागून मोकळे सोडून नंतर कापतात. “ही सेमी आहे,” असे दादांनी जराही न चाचरता सांगितले. विचारले नसते तर सांगितले असते का, याची मला शंका आहे.

शेवटी येवल्याची हातमागाची, मोरपंखी रंगाची पैठणी ठरली. सासूबाईंच्या मनात कुंकवाचा रंग होता. काठ लाल असल्याने त्यांचे समाधान झाले. ती नेसून मी दोनदा मांडी घातली, एकदा नमस्कारासाठी वाकले, आणि निऱ्या जागच्या हलल्या नाहीत. किंमत मी येथे लिहीत नाही. बाबांनी ती ऐकून चष्मा पुसायला घेतला, एवढेच नोंदवते.

परतताना साडीला जोडून आलेला ऐंशी सेंटीमीटरचा ब्लाउजपीस कापून घेऊन आम्ही शिंपीकाकांकडे गेलो. मापे देऊन झाल्यावर आजीने त्यांना परत हाक मारली आणि बजावले, “आत दीड इंच माया ठेवा बरं का. पोरगी सासरी जाऊन अंगानं भरेल.”