आजीच्या ओव्या आणि लिबसाउंडफाइलचं अपडेट

आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवायचं काम दोन वर्षं चाललंय माझं, त्यासाठी पायथॉन भाषेत एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिलीय आणि ती सगळी लिबसाउंडफाइलच्या जिवावर चालते. सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, एरिक दे कास्त्रो लोपो यांनी १९९९ मध्ये आणलेली. काम एकच, ऑडिओ फाइल उघडून आतले सॅम्पल, म्हणजे आवाजाचे आकडे, तुमच्या हातात द्यायचे, नाहीतर तुम्ही दिलेले फाइलमध्ये लिहायचे. फाइलचा फॉरमॅट वेव्ह असो, फ्लॅक असो, सॅम्पल १६ बिट असो की २४, मी फ्लोट, म्हणजे दशांश आकडे, मागितले की सगळं उणे एक ते एकच्या मध्येच येतं, मला काही बघावंच लागत नाही. मला फार आवडते ही लायब्ररी, खरंच.

फक्त एमपीथ्री नव्हतं. पेटंटचं लचांड होतं ना, ते २०१७ ला सुटलं, आणि मार्च २०२२ मध्ये लायब्ररीचं १.१.० व्हर्जन आलं त्यात एमपीथ्री वाचणं आणि लिहिणं दोन्ही आलं. तोपर्यंत मी काय करायचे, फ्लॅक या लायब्ररीने बनवायचे कारण ते जपून ठेवायला, मग घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपीथ्री लागायचं म्हणून आधी एक तात्पुरती वेव्ह, मग दुसऱ्या टूलला हाक मारायची, मग ती वेव्ह पुसायची, आणि मध्येच एरर आला की डिस्कवर हा पसारा. आता लिहिताना फॉरमॅट बदलला की झालं. स्क्रिप्ट निम्मी झाली!

एक मात्र बघून घ्या. लायब्ररी बिल्ड करताना, म्हणजे कोडमधून तयार करताना, एमपीजी१२३ आणि लेम या एमपीथ्री वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्रऱ्या सोबत नसतील तर नवीन व्हर्जनमध्येसुद्धा एमपीथ्री मिळत नाही. आणि उबुंटू २२.०४ (लिनक्स) च्या रेपोत, म्हणजे तयार सॉफ्टवेअरच्या साठ्यात, तर १.०.३१ च आहे, मी त्याच्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली, कोडमध्ये चूक शोधत बसले होते. म्हणून आधी व्हर्जन प्रिंट करून बघायचं.

ओपस हा दुसरा ऑडिओ फॉरमॅट एमपीथ्रीच्याही आधी आला, २०२० च्या १.०.२९ मध्ये. बोलण्याच्या आवाजाला छान आहे तो, छोट्या फाइलीत आजीचा आवाज स्वच्छ राहतो, पण माझ्या सुरुवातीच्या कॅसेटी ४४.१ किलोहर्ट्झला घेतलेल्या आणि ओपसला ८, १२, १६, २४ नाहीतर ४८ च लागतं, मग आधी रीसॅम्पल करावं, म्हणजे हा रेट बदलावा, लागलं. आता मी थेट ४८ ला घेते.

आणखी एक, हे नवीन नाहीये पण मला उशिरा कळलं. गावच्या सप्त्यातलं कीर्तन मी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ असं वेव्हमध्ये घेतलं, अडीच तास चाललं ते. वेव्हच्या हेडरमध्ये साइज ३२ बिटांत लिहितात म्हणजे ४ जीबीच्या पुढे जागाच नाही, आणि या सेटिंगला ४ जीबी साधारण दोन तास चार मिनिटांत भरतात. शेवटचा सगळा अभंग गेला, अजून वाईट वाटतं. लिबसाउंडफाइलमध्ये आरएफ६४ आहे, तेच वेव्ह पण ६४ बिट साइजचं, लांब रेकॉर्डिंगला आता तेच वापरते.

तेवीस कॅसेटी झाल्या, अकरा राहिल्यात. त्यातल्या दोन बुरशीने चिकटल्यात, त्या आधी सोडवायच्या आहेत, आणि त्यातल्याच एकीवर आत्याच्या लग्नातल्या ओव्या आहेत.